कांडला ग्रे, ४ कंटेनर : खाणीपासून पेटीपर्यंतच्या नोंदी

८ जानेवारी २०२४, सोमवार

बुंदी जिल्ह्यात पोचलो. कारखाना कोटा-चित्तोड रस्त्यापासून आत, डाबी-बुधपुरा पट्ट्यात.

ऑर्डर : कांडला ग्रे वालुकाश्म, इंग्लंडमधल्या अंगणांसाठी आणि बागांतल्या वाटांसाठी. २० फुटी ४ कंटेनर, प्रत्येकात २५ पेट्या. एका पेटीत चार मापं : ९०० × ६००, ६०० × ६००, ६०० × २९० आणि २९० × २९० मिमी, प्रत्येकी १६ नग. म्हणजे पेटीला ६४ नग, साधारण साडेअठरा चौरस मीटर. एकूण ६,४०० नग. जाडी २२ मिमी, २ मिमी इकडे-तिकडे चालेल. वरची बाजू थरावर फोडलेली, जशी निघेल तशी. तळ मशीनवर घासून एकसारखा. कडा हातकट.

माल तपासायला मला बोलावण्याचं कारण गेल्या हंगामातल्या दोन तक्रारी. पहिली रंगाची. राखाडी म्हणून घेतलेली फरशी काही अंगणांत चार महिन्यांत तपकिरी पडली. फोटो पाहिले. चहा सांडून वाळल्यासारखे डाग, तेही एका आड एक फरशीला. शेजारची अगदी स्वच्छ. दुसरी जाडीची. १७ मिमीपर्यंत उतरलेले नग सापडले आणि बसवताना तडकले.

पेट्या भरताना तपासायला तेव्हाही माणूस होता. त्याने सगळ्या पेट्या पास केल्या आणि माझ्या मते त्यात त्याचा दोष नव्हता. त्या दिवशी दगड राखाडीच होता.

९ जानेवारी

दिवसभर खाणीत. सकाळी धुकं इतकं की खाणीच्या कापलेल्या पायऱ्या दहा वाजेपर्यंत दिसल्या नाहीत.

आमचे आजोबा पाथरवट, वाईकडच्या गावात पाटे-वरवंटे आणि जाती घडवायचे. त्यांचा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, लाव्हा थिजून झालेला. त्याला पानं नसतात. छिन्नी चुकली की कपचा उडतो. इथला विंध्य समूहातला वालुकाश्म वेगळा. पाण्याखाली वाळूचे थर एकावर एक बसत गेले, त्यामुळे पोथीची पानं सुटावीत तसा तो सुटतो. चार जण एका ओळीत बसून कडेला बारीक छिन्न्या लावतात, एकेक हलका ठोका देत पुढे सरकतात आणि मग अख्खा तक्ता आपसूक उचलला जातो. आवाज आधी खणखणीत असतो, थर सुटायला लागला की बद्द होतो. हे कान मला आजोबांकडून आले आहेत, दगड दुसरा असला तरी.

कामाच्या पायरीवर वरून खाली सहा थर मोजले आणि त्यांना १ ते ६ क्रमांक दिले. थर ४ सगळ्यात देखणा : गडद, एकसारखा राखाडी, जाडीला भरघोस, फुटतोही सरळ. सगळ्यांचा आवडता.

दुपारी खाणीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथली भिंत बऱ्याच वर्षांपूर्वी कापून सोडून दिलेली आहे. तेच सहा थर तिथेही दिसतात, फक्त त्यांच्यावरून अनेक पावसाळे गेलेत. थर ४ च्या खालच्या कडेपासून तपकिरी ओघळ उतरलेत, भिंतभर. बाकीच्या थरांवर धूळ आणि शेवाळाचे काळे डाग, पण गंज नाही.

राखाडी रंगाचं रहस्यच लोखंडात आहे. दगडातलं लोखंड हवा-पाण्यापासून दूर असतं तोवर दगड राखाडी-हिरवट राहतो. उघड्यावर आला, भिजत-वाळत राहिला की लोखंड गंजतं आणि रंग तपकिरीकडे झुकतो. थोडं लोखंड सगळ्याच थरांत असणार. थर ४ मध्ये ते जास्त आहे किंवा लवकर गंजणाऱ्या स्वरूपात आहे. चार महिन्यांत इंग्लंडमध्ये जे झालं, ते या भिंतीवर आधीच होऊन बसलंय.

खाणीतल्या उस्तादांना ओघळ दाखवले. वय साठीच्या पुढे, तीस वर्षं याच खाणीत. म्हणाले, "ये परत रोती है, साब." हा थर रडतो. कारखान्यात कुणाला सांगितलं होतं का, असं विचारलं. "पूछा किसने?"

१० जानेवारी

कारखान्याचे मालक सेठजी यांनी चाचणीचा अहवाल म्हणून २०१७ सालचा कागद काढून दिला. दगडाचं नाव तेच, खाण मात्र दुसरी, तीही आता बंद. यावरून मालाच्या गुणधर्मांचं नवं घोषणापत्र करून द्या, आजवर तेच चाललंय, असं त्यांचं म्हणणं.

मी नाही म्हणालो. बाहेरच्या फरशीसाठी ईएन १३४१ हे युरोपीय मानक आहे आणि त्यात निर्मात्याने स्वतः चाचण्या करायच्या आणि स्वतःच जाहीर करायचं, अशी पद्धत आहे. बाहेरचं कुणी येऊन शिक्का मारत नाही. लोकांना ही सवलत वाटते. मला ती उलटी वाटते : सगळा भार सही करणाऱ्यावर. ज्या दगडाला मी हात लावलेला नाही, त्याच्या ताकदीचा आकडा माझ्या सहीने जाणार नाही.

तासभर बोलणं झालं. शेवटी नव्या चाचण्यांना होकार मिळाला.

१२ जानेवारी

नमुने जयपूरला रवाना. थर २, ३ आणि ५ यांचे वेगवेगळे संच : पाणी शोषणासाठी प्रत्येकी ६, वाकवून मोडण्यासाठी १०, आणि गोठवून-वितळवून झाल्यावर मोडण्यासाठी आणखी १०. प्रत्येक तुकड्यावर थराची दिशा खडूने न लिहिता करवतीने बारीक खाच पाडून दाखवली. खडू भट्टीत आणि पाण्यात टिकत नाही.

गोठण-वितळणीची ५६ चक्रं आहेत. एक चक्र १२ तासांचं, म्हणजे २८ दिवस नुसते त्यातच जाणार. सेठजींना कंटेनर १० फेब्रुवारीला हलवायचा होता. तो आता फेब्रुवारीच्या अखेरीआधी हलत नाही. खरेदीदाराला आजच कळवलं. त्यांचा बागकामाचा हंगाम वसंतात सुरू होतो, त्यामुळे तेही खूश नाहीत. त्यात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे डिसेंबरपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाताहेत. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढलाय.

१५ जानेवारी

संक्रांत. कारखाना बंद, आकाशात पतंग. चौकीदाराच्या घरून तिळाचे लाडू आले.

रिकाम्या शेडमध्ये जुन्या मालातले ६० नग मोजले. कडेला २१-२२ मिमी येतं आणि सगळे खूश होतात. पण फोडलेल्या फरशीच्या वरच्या बाजूला डोंगर-दऱ्या असतात. पातळ जागा बहुधा मध्ये असते आणि साधा व्हर्नियर तिथवर पोचत नाही. लांब जबड्याचा कॅलिपर लोहाराकडून करवून घेतला होता, त्याने मधली जाडी घेतली : ९ नग २० च्या खाली, सर्वांत कमी १७.५.

सुपरवायझरला हे फळ्यावर लिहून दाखवायचं ठरवलं. वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. २२ चे १८ झाले तर जाडी १८ टक्क्यांनी कमी होते, ताकद मात्र ३३ टक्क्यांनी. १८ गुणिले १८ म्हणजे ३२४, २२ गुणिले २२ म्हणजे ४८४. चार मिलिमीटरने काय फरक पडतो, असं जो म्हणतो, त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

१८ जानेवारी

कॅलिब्रेशन मशीनवर, म्हणजे तळ घासून जाडी एकसारखी करणाऱ्या मशीनवर दिवस. दोष दोन निघाले. शेवटच्या दोन हेडवरचे हिऱ्याचे सेगमेंट एका बाजूने झिजलेत, त्यामुळे फरशीची डावी कड अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड राहते. ते बदलायला सांगितलं. दुसरा दोष मशीनचा नाही : खाणीतून आलेला ओबडधोबड तक्ता मुळात २४-२५ चा असेल, तर तळ सपाट होईपर्यंत घासताना मधला भाग २० च्या खाली जाणारच. म्हणजे जाडीची पहिली चाळणी मशीनच्या आधी हवी. आजपासून २८ मिमीच्या खालचा तक्ता या ऑर्डरला घ्यायचा नाही.

थरांच्या खुणांचा घोळ अजून सुटलेला नव्हता. तक्त्याच्या पाठीवर रंगाने क्रमांक टाकला तर मशीन तो घासून टाकते. कडेवर टाकला तर कड घडवताना उडतो. वरच्या बाजूला टाकता येत नाही. मग दगडावर लिहिणंच सोडलं : एका पाळीत एकाच थराचा माल चालवायचा, ट्रॉलीला पत्र्याची चकती बांधायची, आणि ती चकती ट्रॉलीवरून घोड्यावर (फरशा उभ्या ठेवायची चौकट), घोड्यावरून पेटीवर जायची. चकती हरवली तर तो माल या ऑर्डरमधून बाहेर. मुकादमाला हे फार कडक वाटलं. दोन दिवसांत सवय होईल.

२४ जानेवारी

गच्चीवरच्या प्रयोगाचा आज चौदावा दिवस. सहाही थरांचे हाताएवढे तुकडे. रात्री पाण्यात, दिवसा उन्हात. शिवाय प्रत्येक थराच्या एका तुकड्यावर पातळ केलेलं मिठाचं आम्ल टाकून धुतलं.

आम्लाने दगड फसफसला नाही. दाणे बांधणारा मसाला चुन्याचा नाही, ही चांगली गोष्ट. (कोटा फरशीवर हेच आम्ल टाकलं तर लगेच बुडबुडे येतात, ती चुनखडी आहे, वालुकाश्म नाही. आपल्याकडे घराघरांत ती बसवलेली असते, आणि संडास-बाथरूम धुवायच्या ॲसिडने तिची चकाकी जाते ती यामुळेच.)

पण आम्ल लावलेला थर ४ चा तुकडा दुसऱ्याच दिवशी पिवळा पडला आणि आज सरळ तपकिरी आहे. नुसत्या पाण्यात भिजवलेल्यावरही कडेने पिवळी झाक आली आहे. थर १ वर किंचित. २, ३, ५, ६ जसेच्या तसे.

गेल्या वर्षीच्या तक्रारीचा उलगडा इथेच झाला. फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला तिकडे आम्लाने धुतात. जिथे फरशी थर ४ ची होती, तिथे गंज वर आला; शेजारची थर २ ची होती, ती वाचली. पेट्यांमध्ये सगळे थर मिसळले होते, म्हणून एका आड एक. खरेदीदार म्हणतो दगड खराब, सेठजी म्हणतात धुणारा चुकला. दोघांचंही अर्धं खरं आहे. धुणाऱ्याला आम्ल वापरू नका हे आपण सांगितलं नव्हतं, आणि तो थर आपण पाठवायला नको होता.

२५ जानेवारी

थर ४ या ऑर्डरमधून पूर्ण वगळा, असं लेखी दिलं.

सेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. खाणीतून निघणाऱ्या मालाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो थर आहे, आणि फोडायला सगळ्यात सोपा. "इंजिनिअरसाब, आज तर तो चांगलाच दिसतोय ना?" मी त्यांना गच्चीवर नेलं. सहा तुकडे ओळीने मांडले होते. ते खाली बसले, थर ४ चा तुकडा उचलला, बोट ओलं करून त्यावर फिरवलं, परत ठेवला. मग त्यांनी मला पुढचा माल काढायला किती दिवस लागतील ते विचारलं.

थर ४ घराच्या आतल्या फरशीसाठी स्थानिक बाजारात जाईल. घेणाऱ्याला रंगाचं सांगूनच, एवढी अट मी घातली आणि त्यांनी ती मान्य केली.

३० जानेवारी

कडा घडवण्याच्या शेडमध्ये. मापं तपासायला गेलो होतो, पण आधी धुळीचं लिहितो.

कॅलिब्रेशन मशीनला पाणी आहे, तिथे धूळ उडत नाही. हातकट कड मात्र कोरड्यावर छिन्नीने घडते, आणि वालुकाश्म म्हणजे बहुतांशी सिलिका. ही धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही. सिलिकोसिसवर बरं करणारं औषध नाही. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या रोगासाठी धोरण आणलं, निदान झालेल्याला ३ लाख रुपये मिळतात. बाजूच्या वस्तीत ते प्रमाणपत्र हातात असलेले लोक भेटले. एक जण माझ्याच वयाचा. दहा पावलं चालून बसला, दम परत यायला वेळ लागला, आणि मग त्याने मला विचारलं की तुमच्याकडचा दगड पण असाच का.

गुणवत्ता म्हणजे फक्त फरशीची, असं मला मानता येत नाही. तपासणीच्या यादीत आजपासून या ओळी आल्या : कड घडवण्याआधी तक्ता ओला करणे, शेडमध्ये पाण्याचे फवारे, झाडूऐवजी पाण्याने धुणे, प्रत्येकाला धूळ अडवणारा खरा मास्क, तोंडाला गुंडाळलेला गमछा चालणार नाही. सेठजींनी फवाऱ्यांचं काम लगेच सुरू केलं. ओल्या दगडावर खडूची रेघ दिसत नाही, अशी कारागिरांची अडचण होती. पत्र्याचे साचे करून दिले.

मापं : काटकोन पाहायला गुण्या पुरत नाही, हातकट कडेवर तो कुठेही टेकतो. दोन्ही कर्ण मोजायचे. ९०० × ६०० चा कर्ण १०८१.७ मिमी यायला हवा, ६०० × ६०० चा ८४८.५. दोन कर्णांत ४ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर नग बाजूला. पहिल्या दिवशी दर पंधरांत एक बाजूला पडला. साचे आल्यावर जवळपास थांबलं.

३ फेब्रुवारी

खरेदीदाराच्या कराराप्रमाणे नमुना-तपासणी आयएसओ २८५९ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या कोष्टकावरून करायची आहे. एका कंटेनरचे १,६०० नग, म्हणजे १२५ नग उचलायचे, चालतील अशा दोषांच्या २.५ टक्के पातळीला ७ दोषी निघाले तरी माल पास, ८ निघाले की नापास.

कोष्टक चांगलं आहे, मी ते वापरतोय. पण त्याच्यावर विसंबून राहायची माझी तयारी नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. दगडाचं तसं नाही. प्रत्येक थर वेगळं भांडं. दोष येतो तो थराने येतो, विखरून येत नाही. गेल्या वर्षी याच कोष्टकाने तपासलेला माल पास झाला होता. रंगाचा दोष तर त्या दिवशी डोळ्यांना दिसणाराच नव्हता.

म्हणून माझी पद्धत : कोष्टकाप्रमाणे १२५ तर आहेतच, शिवाय प्रत्येक पाळीच्या प्रत्येक चकतीमागे ५ नग ठोकून, भिजवून, मोजून बघायचे. ठोकणं म्हणजे फरशी एका कोपऱ्यावर लटकती धरायची आणि लाकडी मुठीने मध्ये मारायचं. ठणठण वाजली तर आत सलग आहे. बद्द वाजली तर आत कुठेतरी थर सुटलाय किंवा केसाएवढी चीर आहे. भिजवल्यावर चीर लगेच दिसते, कारण बाकीची फरशी वाळते आणि चीर ओली रेघ बनून मागे राहते.

७ फेब्रुवारी

पेट्यांचं लाकूड आलं. दगडाइतकंच लाकडाने कंटेनर अडकतो, हे मी दोनदा पाहिलं आहे. कच्च्या लाकडाला आयएसपीएम १५ हा किडीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय नियम : लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं, आणि मग गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देश, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि पद्धत असा शिक्का.

शिक्के होते. पण ४० फळ्यांवर साल राहिलेली. ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टी चालते, या हातभर रुंद होत्या. परत पाठवल्या. आणखी एक : पेटीच्या तळाच्या चौकोनी ठोकळ्यांवर शिक्काच नव्हता, ते इथल्याच भंगार लाकडातून कापले होते. सुताराला वाटलं, तळाचं कोण बघतंय. बंदरावर आधी तळच बघतात.

खिळे जस्ताचा मुलामा दिलेले, पट्ट्या लोखंडाऐवजी पॉलिस्टरच्या. लोखंडी पट्टी ओली झाली की तिचा गंज दगडावर उतरतो, आणि मग तो गंज दगडाचा की पट्टीचा यावर महिनाभर पत्रव्यवहार चालतो.

११ फेब्रुवारी

खरेदीदाराने मध्येच विचारलं, उरलेल्या जागेत थोडे हाताने घडवलेले चौकोनी कोबलही (फरसबंदीचे छोटे दगडी ठोकळे) पाठवाल का. सेठजी तयार, बाहेरून घेऊन देऊ म्हणाले. मी नको म्हणालो. या पट्ट्यात कोबल घराघरांच्या अंगणात घडतात, आणि ते कुणाच्या हातांनी, किती वयाच्या, हे आपल्याला ढिगाकडे बघून सांगता येत नाही. ज्या कामाच्या जागेवर मी रोज उभा राहू शकत नाही, तिथला माल माझ्या तपासणीच्या कागदाखाली जाणार नाही. खरेदीदाराला हेच कारण लिहून कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं : ठीक आहे, फक्त फरशी पाठवा.

१६ फेब्रुवारी

चूक झाली आहे आणि ती माझी आहे.

गेल्या आठवड्यात धुक्याचे सलग चार दिवस होते. त्या दिवसांत भरलेल्या ११ पेट्या मी पास केल्या. हात लावून फरशी कोरडी वाटत होती. आज एक पेटी दुसऱ्याच कारणासाठी उघडली, तर आतल्या प्रत्येक फरशीवर दोन आडव्या गडद रेघा. दोन फरशांमध्ये अंतर ठेवायला काथ्याची दोरी वापरली होती. दगडाच्या पोटात ओल होती, ती बाहेर पडायला लागली, दोरीने शोषली आणि काथ्याचा तपकिरी रंग दगडात उतरला. कडेने चौकटीसारखा ओलसर पट्टाही दिसतो.

पृष्ठभाग कोरडा म्हणजे दगड कोरडा नव्हे, हे मला माहीत होतं. तरी वजन न करता पास केलं, कारण आधीच उशीर झाला होता.

अकराही पेट्या उघडल्या. ७०४ नग बाहेर. दोरीच्या खुणा धुऊन आणि उन्हात ठेवून बऱ्याच गेल्या. ५८ नगांवरच्या गेल्या नाहीत, ते काढून टाकले. आता नियम असा : धुतल्यावर फरशा घोड्यावर उभ्या, अंतर ठेवून, किमान ३ दिवस, धुकं असेल तर ५. प्रत्येक घोड्यावरची एक फरशी सकाळ-संध्याकाळ तोलायची. सलग दोन वजनं सारखी आली की मगच पेटी. दोरी बंद, प्लास्टिकच्या पट्ट्या. पेटीला वरून प्लास्टिक, पण बाजूंनी हवा खेळायला जागा. जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडणार, मग थंड उत्तरेत जाणार. कंटेनरच्या छतावर पाणी सुटेल, ते वरून पडेल हे धरूनच चालायचं. ओल शोषणाऱ्या पिशव्याही लटकवायच्या.

सेठजींना स्वतः जाऊन सांगितलं. म्हणाले, इथे सापडलं ते बरं झालं. कारागिरांचे दोन दिवस माझ्यामुळे वाया गेले, त्यांनाही सांगितलं.

२४ फेब्रुवारी

जयपूरहून अहवाल आला. पाणी शोषण तिन्ही थरांत २ टक्क्यांच्या आत. गोठण-वितळणीनंतर ताकदीतली घट सर्वाधिक थर ५ मध्ये, ११ टक्के. मर्यादा २० ची. इंग्लंडच्या हिवाळ्यात रात्री गोठणं, दिवसा वितळणं वारंवार होतं, म्हणून माझं सगळं लक्ष या आकड्यावर होतं. ओल्या पृष्ठभागावर घसरण मोजणाऱ्या लंबकाचे आकडेही ३६ च्या बरेच वर. तिकडे ३६ पासून पुढे घसरण्याचा धोका कमी धरतात. फोडलेल्या खडबडीत वरच्या बाजूकडून तीच अपेक्षा होती.

घोषणापत्रात तिन्ही थरांपैकी सर्वांत कमी आकडा लिहिला. सरासरी लिहिली असती तर कागद जास्त छान दिसला असता, पण अंगणात सरासरी फरशी कुणाच्या पायाखाली येत नाही, एखादी विशिष्ट फरशीच येते.

आज सही केली.

२७-२८ फेब्रुवारी

कंटेनर भरले. रिकामा कंटेनर आधी आत शिरून, दार लावून घेऊन पाहायचा : उजेड दिसला तर भोक आहे. एक परत केला.

एका चौरस मीटरला ५४ किलो, पेटी १,००० किलो दगडाची, लाकडासकट १,०४५. २५ पेट्या म्हणजे २६ टनांच्या थोडं वर. जागा अर्ध्याहून जास्त रिकामी दिसते आणि नवख्याला वाटतं अजून बरंच मावेल. दगडात जागा संपण्याआधी वजन संपतं. त्या रिकाम्या जागेतच धोका असतो. पेट्या सरकू नयेत म्हणून मध्ये शिक्क्याच्या लाकडाचे अडसर ठोकले, दाराशी वेगळी चौकट. चारही कंटेनर काट्यावर तोलून वजनाचं प्रमाणपत्र केलं. जुलै २०१६ पासून त्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत.

प्रत्येक पेटीत एक कागद ठेवला, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत : या दगडाला आम्ल लावू नका. खाली थराचा क्रमांक आणि पाळीची तारीख.

२ मार्च

चारही ट्रेलर मुंद्रा बंदराकडे निघाले. उस्ताद खाणीतून मुद्दाम आले होते. इतक्या वर्षांत भरलेला कंटेनर त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

१९ एप्रिल

माल इंग्लंडमधल्या फेलिक्सस्टो बंदरात उतरून खरेदीदाराच्या आवारात पोचला. पेट्या उघडतानाचे फोटो आले. एका कंटेनरमधल्या दाराकडच्या दोन पेट्यांवर वरून पाणी पडलेलं दिसतं; प्लास्टिकने अडवलं. दोरीच्या जागी आता काही खूण नाही.

२ मे

खरेदीदाराची मोजणी आली. ६,४०० पैकी १४ नग फुटलेले, त्यातले ९ एकाच पेटीत; त्या पेटीची एक बाजू फोर्कलिफ्टने चेपलेली आहे. जाडीबद्दल तक्रार नाही. पहिली दोन अंगणं बसवून झाली, पावसात भिजून वाळली, फोटोत राखाडी आहेत. मी त्यांना ऑक्टोबरमध्ये त्याच दोन अंगणांचे, त्याच कोपऱ्यातून काढलेले फोटो मागितले आहेत.

पुढची ऑर्डर ६ कंटेनरची. थर ५ संपत आला आहे, म्हणून खाणीत पूर्वेकडे नवी पायरी उघडावी लागेल.

संध्याकाळी उस्तादांचा फोन आला. पूर्वेला जुनी भिंत आहे, तिच्यावर माती साचली होती. टँकर बोलावून धुऊन ठेवली आहे, म्हणाले. आठ थर दिसताहेत, दोन रडणारे. येऊन बघा.